घरी ब्राऊन शुगर बनवताय? मग साखर पांढरी आणि स्वस्त करणाऱ्या नॉर्बर्ट रिल्यूची गोष्ट वाचाच

केकची रेसिपी उघडावी, मैदा, लोणी, कोको सगळं घरात असावं आणि नेमकी साहित्याच्या यादीत एक कप ब्राऊन शुगर दिसावी. दुकानात चौकशी केली तर छोटंसं पाकीट साध्या साखरेच्या मानाने चांगलंच महाग. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते, ब्राऊन शुगर घरी कशी करायची? (पोलिसांच्या धाडीत सापडते ती ब्राऊन शुगर वेगळी. ती हेरॉईन. इथे विषय स्वयंपाकघरातला आहे.)

उत्तर फारच सोपं आहे. पांढरी साखर घ्यायची आणि तिच्यात मोलॅसिस, म्हणजे मळी मिसळायची. झालं काम.

पण यात एक गंमत आहे. उसाच्या रसातून पांढरी साखर करताना हीच मळी बाजूला काढलेली असते. म्हणजे कारखान्याने एवढी खटपट करून जे काढलं, तेच आपण चमच्याने परत घालतो. ब्राऊन शुगर विकणाऱ्या बऱ्याच कंपन्याही नेमकं हेच करतात.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कोणाला हे सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. तेव्हा गणित उलटं होतं. पांढरीशुभ्र साखर श्रीमंतांच्या टेबलावर असायची आणि सामान्य माणसाच्या वाट्याला चिकट, तपकिरी, मळीने माखलेली साखर यायची.

हे गणित ज्यांनी फिरवलं, त्यांच्यात एक नाव फार वरचं आहे. नॉर्बर्ट रिल्यू. त्याच्या यंत्राने साखर कारखानदारी कायमची बदलली. पण ज्या गावात त्याने हे केलं, तिथे त्याला स्वतःच्याच गिऱ्हाईकाच्या घरात पाहुणा म्हणून झोपायची सोय नव्हती. कारण एकच, त्याची आई काळ्या वंशाची होती.

आधी रेसिपी उरकून घेऊ

एक कप, म्हणजे साधारण 200 ग्रॅम साखर घ्या. आपल्याकडची साखर जाड दाण्याची असते, म्हणून मिक्सरमध्ये एकदाच फिरवून दाणा थोडा बारीक करा. पिठीसाखर करू नका. फिकट ब्राऊन शुगर हवी असेल तर एक टेबलस्पून मोलॅसिस घाला, गडद हवी असेल तर दोन. मग काट्याने किंवा हाताने चोळत राहा. सुरुवातीला गोळे होतील, पण चार-पाच मिनिटांत सगळीकडे एकसारखा रंग येईल आणि ओल्या वाळूसारखी साखर तयार होईल.

मोलॅसिस बेकिंगचं सामान मिळतं तिथलं, खाण्याचं घ्यायचं. साखर कारखान्यातून टँकर भरून जाते ती मळी इथेनॉल, मद्यार्क आणि पशुखाद्यासाठी असते, ती घरात वापरायची नाही.

मोलॅसिस मिळालं नाही तर काकवी चालते. फक्त दोन्ही एकच, असं समजू नका. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा आटवलेला रस, त्यात उसाची सगळी साखर असते. मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेला दाट, काळपट, किंचित कडवट पाक. त्यामुळे काकवीची ब्राऊन शुगर फिकट आणि चवीला सौम्य होते.

डबा घट्ट झाकणाचा हवा. मळीतला ओलावा उडाला की ही साखर दगडासारखी होते. तसं झालं तर डब्यात ब्रेडचा एक तुकडा रात्रभर ठेवा, सकाळी साखर मोकळी होते. आणि एक गैरसमज इथेच मिटवू. ब्राऊन शुगर खाल्ली म्हणजे डाएट झालं, असं काही नसतं. दोन्ही साखरांमधल्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात. फरक चवीत, रंगात आणि ओलाव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही मळी साखरेतून इतकी स्वच्छ निघायला लागली कशी?

ओळीने मांडलेल्या कढया आणि उकळता रस

कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. चुलवाणावर मोठी काहील, खाली चिपाडाचा जाळ, वर उकळणारा रस आणि नजर न हलवता उभा असलेला गुळव्या. रस कधी उतरवायचा हे त्याच्या अनुभवावर चालतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लुईझियानामध्ये साखर अशीच उघड्या भांड्यात व्हायची. फरक इतका की तिथे एक काहील नसून चार-पाच कढया एका ओळीत असायच्या. एका टोकाला जाळ आणि त्याची धग ओळीखालून पुढे सरकायची. रस आधी सगळ्यात मोठ्या, जाळापासून लांबच्या कढईत जायचा. थोडा आटला की लांब दांड्याच्या पळीने पुढच्या छोट्या कढईत. असं करत करत शेवटी तो जाळावरच्या सगळ्यात लहान कढईत पोहोचायचा आणि तिथे पाक दाणे धरायला तयार व्हायचा.

या पळ्या मारायचं काम गुलाम करायचे. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची ही मुलंनातवंडं. ऊस तोडणी सुरू झाली की थंडी पडून ऊस खराब व्हायच्या आत सगळा गाळून संपवायची घाई असायची. कढया दिवसरात्र पेटलेल्या असायच्या आणि पाळ्या संपता संपायच्या नाहीत. झोपेने पेंगुळलेल्या माणसाच्या हातून पळी हिंदकळली की उकळता पाक अंगावर. हा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो.

एवढं करून साखर कशी व्हायची? काळपट. रस जास्त वेळ जास्त आचेवर राहिला की साखर करपते आणि तिचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. त्याचे दाणे पडत नाहीत, तो मळीत जातो. म्हणजे मळी जास्त, साखर कमी आणि तीही तपकिरी. वर प्रत्येक कढईतून निघणारी वाफ छपरातून हवेत जायची. तिच्यासोबत लाकडाच्या गाड्याच्या गाड्या जाळून तयार केलेली उष्णताही जायची.

ही वाफ वाया जाऊ द्यायची नाही, हे एका तरुणाने ठरवलं.

मुक्त जन्मलेला, पण बरोबरीचा नसलेला

नॉर्बर्ट रिल्यूचा जन्म 17 मार्च 1806 चा. गाव न्यू ऑर्लिन्स. तीनच वर्षांपूर्वी अमेरिकेने हा सगळा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला होता, पण गावाची भाषा, चर्च आणि रीतभात फ्रेंचच होती.

वडील व्हिन्सेंट रिल्यू गोरे, पैसेवाले आणि स्वतः इंजिनिअर. कापसाच्या गाठी बांधायचं वाफेवर चालणारं यंत्र त्यांनी तयार केलं होतं. आई कॉन्स्टन्स व्हिव्हान मिश्र वंशाची, पण गुलाम नसलेली स्त्री. कायदा या दोघांना लग्न करू देत नव्हता. तरी त्यांचा संसार होता आणि मुलांना वडिलांचं नाव मिळालं होतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये अशा लोकांचा एक मोठा वर्ग होता. ते गुलाम नव्हते. त्यांना घर, जमीन घेता यायची, धंदा करता यायचा. पण मत देता यायचं नाही आणि गोऱ्यांच्या बरोबरीने बसताही यायचं नाही. नॉर्बर्ट या मधल्या पायरीवर जन्मला.

याच रिल्यू घराण्याच्या आईकडच्या नात्यातून पुढे जगप्रसिद्ध चित्रकार एडगर देगा आला. म्हणजे नॉर्बर्ट आणि देगा नातेवाईक.

पोरगा हुशार आहे हे व्हिन्सेंटने ओळखलं. पण गावात त्याच्या शिक्षणाला पुढे वाट नव्हती. म्हणून त्याला थेट पॅरिसला पाठवलं.

पॅरिसने त्याला मास्तर केलं

पॅरिसमध्ये नॉर्बर्ट एकोल सेंत्राल या इंजिनिअरिंगच्या संस्थेत शिकला आणि 1830 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी, तिथेच उपयोजित यांत्रिकी शिकवू लागला. ज्या माणसाला स्वतःच्या गावात गोऱ्या मुलांच्या शेजारी बसता आलं नसतं, तो फ्रान्समध्ये गोऱ्या मुलांना शिकवत होता.

त्या काळात सगळ्या युरोपला वाफेने वेड लावलं होतं. नॉर्बर्टनेही वाफेच्या इंजिनावर लेख लिहिले, ते छापून आले. पण त्याच्या डोक्यात इंजिनापेक्षा वेगळा प्रश्न घोळत होता. वाफ स्वतःसोबत किती उष्णता घेऊन जाते आणि ती परत वापरता येईल का?

इथे थोडं विज्ञान समजून घेऊ, कारण सगळी कथा याच्यावर उभी आहे.

पाणी 100 अंशांवर उकळतं हे आपण शाळेत शिकतो. पण ते हवेच्या दाबावर अवलंबून असतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी 100 च्या वर जाऊन उकळतं आणि डाळ लवकर शिजते. याच्या उलट केलं, म्हणजे बंद भांड्यातली हवा पंपाने काढून दाब कमी केला, तर पाणी 60-70 अंशांवरही उकळायला लागतं. साखरेसाठी हे वरदानच, कारण कमी आचेवर साखर करपत नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्डने 1812 च्या सुमारास अशी व्हॅक्यूम पॅन तयार केली होती. साखर उत्तम व्हायची, पण इंधनाचा खर्च मोठा होता. एका भांड्यातली वाफ एकदाच वापरून सोडून दिली जायची.

नॉर्बर्टने एकाऐवजी तीन बंद भांडी जोडली.

पहिल्या भांड्यातला रस वाफेने तापवायचा. ही वाफही फुकटातली, म्हणजे ऊस गाळणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणारी. रस उकळला की त्यातून नवी वाफ निघते. ती हवेत सोडायची नाही, नळीने दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि तिच्यावर तिथला रस तापवायचा. आता प्रश्न येतो की ही वाफ पहिलीपेक्षा थंड, मग दुसऱ्या भांड्यातला रस उकळणार कसा? तर दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा, म्हणजे तो कमी तापमानालाच उकळतो. तिसऱ्यात दाब आणखी कमी. एकदा तयार केलेली वाफ तीन वेळा कामाला येते.

हिशोब करून बघा. 100 किलो रसात साधारण 15 किलो विरघळलेले पदार्थ असतात, त्यातली बहुतेक साखर. बाकी पाणी. त्याचा दाट पाक करायचा तर 75 किलो पाणी उडवावं लागतं. एका भांड्यात हे करायला जवळपास तेवढीच, 75 किलो वाफ लागते. तीन भांडी जोडली की काम 25 किलोच्या आसपास भागतं. इंधन थेट एक तृतीयांशावर!

शिवाय रस बंद नळ्यांमधून पुढे जातो. पळी नको, उकळती कढई नको, आणि पाक सगळ्यात दाट होतो तेव्हाच आच सगळ्यात कमी असते. त्यामुळे साखर पांढरी.

फ्रान्समध्ये हे यंत्र करायला कोणी पुढे आलं नाही. पण जिथे ऊस होता आणि पैसा होता, त्या गावचा तर तो स्वतःच होता.

गावी परतला, पण घडी बसेना

1833 च्या सुमारास एडमंड फॉरस्टॉल या न्यू ऑर्लिन्सच्या बड्या व्यापाऱ्याने नवा साखर कारखाना काढायला घेतला आणि मुख्य इंजिनिअर म्हणून नॉर्बर्टला बोलावलं. तो आला. पण फॉरस्टॉल आणि रिल्यू घराण्यात वाजलं आणि नॉर्बर्टने घरच्यांची बाजू धरून नोकरी सोडली. फॉरस्टॉलशी आलेला दुरावा कायमचा राहिला.

मग त्याने जमिनीच्या व्यवहारात पैसा लावला. कमाई झालीही, पण 1837 मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या आणि नॉर्बर्टची कमाईही त्यात गेली. यंत्राचे सुरुवातीचे प्रयोगही फसले. ज्या मळेवाल्यांची हयात उघड्या कढईसमोर गेली, त्यांना बंद डब्यात काय चाललंय हे दिसतच नव्हतं. दिसत नाही त्यावर पैसे कोण लावणार?

शेवटी 1843 उजाडलं. थिओडोर पॅकवूड या मळेवाल्याने आपल्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर यंत्र बसवायची तयारी दाखवली. फिलाडेल्फियाच्या मेरिक अँड टाऊन कंपनीने ते तयार केलं. त्याच वर्षी नॉर्बर्टला पेटंट मिळालं, 1846 मध्ये दुसरं.

यावेळी यंत्र चाललं, आणि असं चाललं की साखर बघायला लोक येऊ लागले. पॅकवूड आणि त्याचा भागीदार ज्युडा बेंजामिन यांच्या बेलशास मळ्यावरच्या साखरेने 1846 मध्ये बक्षिसं मिळवली. बेंजामिन नावाजलेला वकील, त्याने यंत्राचा जोरात प्रचार केला. मेरिक अँड टाऊन कंपनी दिवसाला 6,000, 12,000 आणि 18,000 पौंड साखर करणारी तीन मापाची यंत्रं विकू लागली. 18,000 पौंड म्हणजे 8 टनांहून जास्त. 1849 पर्यंत लुईझियानातल्या 13 कारखान्यांत नॉर्बर्टची यंत्रं बसली होती.

यंत्राचं स्वागत, माणसाचं नाही

आता नॉर्बर्ट लुईझियानातला सगळ्यात मागणी असलेला इंजिनिअर होता. मळेवाले त्याला बोलवायचे, यंत्र बसवून घ्यायचे, बिघडलं की निरोप धाडायचे, फी मोजायचे.

आणि रात्र झाली की पंचाईत व्हायची. गोऱ्या मालकाच्या घरात काळ्या वंशाचा पाहुणा जेवायला बसणार कसा? गुलामांच्या झोपड्यांत त्याला ठेवणंही शोभेना, कारण हाच माणूस मालकाला पैसे कमवून देत होता. काही मळेवाल्यांनी यावर तोडगा काढला. त्याच्यासाठी वेगळं घर आणि दिमतीला नोकर. हे नोकर म्हणजे अर्थातच गुलाम.

हे यंत्र वापरणारे जवळपास सगळे गुलामांचे मालक होते, ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही. यंत्रामुळे कढयांवरचं जीवघेणं काम कमी झालं हे खरं. पण त्यामुळे कोणी गुलाम मुक्त झाला नाही. ऊस लावायचा, तोडायचा, वाहायचा ही कामं तशीच राहिली. साखर जास्त आणि चांगली होऊ लागली, तसा मालकांचा नफा वाढला, आणि नफा देणारी व्यवस्था कोणी आपणहून मोडत नसतं. नॉर्बर्टचा सगळ्यात मोठा पाठीराखा ज्युडा बेंजामिन पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारात मंत्री झाला.

शहराने तर त्याचं डोकं वापरायचीही तयारी दाखवली नाही. न्यू ऑर्लिन्सला पिवळ्या तापाच्या साथींनी पोखरलं होतं. 1853 च्या एका साथीत सुमारे 8 हजार माणसं गेली. हा ताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, ते 1900 मध्ये सिद्ध झालं. पण दलदल आणि तुंबलेलं सांडपाणी रोगाचं घर आहे, एवढं नॉर्बर्टला दिसत होतं. त्याने शहराचं पाणी काढून टाकायची, गटारांची योजना तयार करून दिली. ती फेटाळली गेली. फेटाळणाऱ्यांत जुना फॉरस्टॉल पुढे होता असं सांगतात.

1850 च्या दशकात दक्षिणेतलं वातावरण आणखी बिघडत गेलं. गुलाम नसलेल्या काळ्या लोकांवरची बंधनं वाढत गेली. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. नॉर्बर्टने ज्या देशाचा उद्योग बदलला, त्या देशाच्या कायद्यात तो नागरिकच नव्हता.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं. त्या सुमारास नॉर्बर्टने गाव सोडलं आणि तो पॅरिसला परतला.

साखर सोडून चित्रलिपी

पॅरिसला आला तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. यंत्राचं म्हणाल तर त्याच्या आधीच युरोपात त्याच्या नकला पोहोचल्या होत्या. पण अर्धवट समजून केलेल्या नकला. त्यामुळे यंत्रं नीट चालेनात आणि कारखानदार म्हणू लागले की पद्धतच फसवी आहे. बनवणारा बाजूला राहिला आणि बिघडवणाऱ्यांमुळे नाव त्याचं खराब झालं.

नॉर्बर्टने मग साखरेला रामराम ठोकला आणि चक्क प्राचीन इजिप्तच्या अभ्यासात बुडून गेला. दगडांवर कोरलेली चित्रलिपी वाचायला शिकला. 1880 च्या सुमारास लुईझियानाचा एक मळेवाला, डंकन केनर, पॅरिसला गेला. त्याला हा म्हातारा इंजिनिअर ग्रंथालयात चित्रलिपी उलगडत बसलेला सापडला.

पण डोक्यातली वाफ निवली नव्हती. युरोपात साखर उसापासून नाही, बीट नावाच्या कंदापासून होते. 1881 मध्ये, वयाच्या 75 व्या वर्षी, नॉर्बर्टने बीटच्या कारखान्यांसाठी आपली पद्धत नव्याने बसवली आणि पेटंटसाठी अर्ज केला. इंधन पुन्हा कमालीचं वाचत होतं. पण या पेटंटचे हक्क त्याच्या हातात राहिले नाहीत.

8 ऑक्टोबर 1894 ला, 88 वर्षांचा होऊन नॉर्बर्ट पॅरिसमध्ये गेला. पेर लाशेज या प्रसिद्ध दफनभूमीत त्याला पुरलं आहे.

अमेरिकेला त्याची आठवण यायला बराच वेळ लागला. 1934 मध्ये जगभरातल्या साखर उद्योगाच्या वतीने लुईझियानाच्या राज्य संग्रहालयात त्याच्या नावाचा ब्राँझचा फलक लावला गेला. अमेरिकन केमिकल सोसायटीने 2002 मध्ये त्याच्या शोधाला रसायनशास्त्रातला ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान यादीत त्याचं नाव आलं. मृत्यूनंतर 110 वर्षांनी.

आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्यात तो आहे

नॉर्बर्ट कधी महाराष्ट्रात आला नाही. पण त्याची पद्धत आली आणि इथलीच होऊन गेली.

1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यानंतर राज्यभर सहकारी आणि खासगी कारखान्यांची रांग लागली. कोणत्याही कारखान्यात गेलात तर एका ओळीत उभी असलेली उंच, गोल, बंद भांडी दिसतील. कारखान्यातली माणसं त्यांना इव्हॅपोरेटर म्हणतात. पहिल्यातली वाफ दुसऱ्याला, दुसऱ्यातली तिसऱ्याला. हल्ली अशी चार-पाच भांडी जोडलेली असतात. भांडी सुधारली, पंप सुधारले, संगणक आले, पण मूळ युक्ती 1843 चीच.

आज ऊस उत्पादकाच्या पदरात भर टाकणारी सहवीजनिर्मिती याच बचतीला जोडलेली आहे. रस आटवायला वाफ कमी लागली, म्हणजे बगॅस, आपलं चिपाड, कमी जळलं. जे वाचलं त्यावर वीज करून ग्रिडला विकता येते. उघड्या कढयांवर साखर केली असती तर सगळं चिपाड जाळूनही वर लाकूड आणावं लागलं असतं.

साखरेबाहेरही ही पद्धत सगळीकडे पसरली. दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क, कागदाच्या कारखान्यातलं सांडपाणी आटवणं, समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढणं. जिथे जिथे खूप पाणी थोड्या इंधनात उडवायचं असतं, तिथे एका भांड्याची वाफ दुसऱ्याला द्यायची ही युक्ती कामाला येते.

गुऱ्हाळाने मात्र उघडी काहील सोडली नाही आणि त्यात चूक काही नाही. गुळाला तपकिरी रंग आणि करपल्याची ती खमंग चव हवीच असते. नॉर्बर्टच्या यंत्राला जे टाळायचं होतं, नेमकं तेच गुळव्याला हवं असतं.

आणि म्हणूनच आज ब्राऊन शुगर महाग आणि पांढरी स्वस्त, अशी उलटी गंगा वाहते. बंद भांड्यांनी साखर इतकी पांढरी आणि मुबलक करून टाकली की तपकिरी रंगाचीच चैन झाली. एक कप साखर, एक चमचा मळी आणि पाच मिनिटं हात चोळले की ती चैन घरात तयार होते. ज्याने ही पांढरी साखर आपल्या डब्यापर्यंत स्वस्तात आणून सोडली, त्या नॉर्बर्ट रिल्यूचं नाव पाकिटावर कुठेच नसतं. निदान रेसिपी कोणाला फॉरवर्ड कराल तेव्हा ते नाव सोबत जाऊ द्या.